बकेटीतले शिंपले

धाकटी जाऊ कोकणातून परतली ती पिशवीभर शिंपले घेऊन. जायचं खरं तर सगळ्यांचं ठरलं होतं, पण सासूबाईंच्या मोतीबिंदूची तारीख आली आणि घरी कोण राहणार, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. थोरली सून मी. माझी दहा वर्षांची लेक मात्र काकूबरोबर समुद्र बघून आली.

मग लातूरच्या आमच्या मोरीत दोघींचा उद्योग सुरू झाला. शिंपले बकेटीत भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, जुन्या टूथब्रशनं घासायचे आणि वाळले की खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. "काकू, हा बघ, गुलाबी निघाला!" मी आत भाकरी थापत ऐकायची. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

जाऊ दोन दिवस नांदेडला माहेरी निघाली. जाताना म्हणाली, "अक्का, निस्तं पानी बदला. दुसरं काई करू नका बरं."

बकेटीत मोठमोठे शिंपले उरले होते, लेकीच्या आवडीचे. त्यांच्यावर पांढरा थर होता, आमच्या बोअरच्या पाण्याचा नळावर बसतो अगदी तसा. तो क्षार मी दर महिन्याला ॲसिडनं काढते. माझ्यासारखे लखलखीत नळ गल्लीत कुणाचे नाहीत. वाटलं, शाळेतून आल्यावर पोरगी म्हणेल, मम्मी, काकूपेक्षा तूच भारी. मी बाटली ओतली. फसफसून फेस आला आणि मी खूश झाले. धुवून बघते तर रंग गेलेला, शिंपले खडूसारखे झालेले. एकाची कड हातातच तुटली. शिंपलाही त्या थरासारखाच विरघळतो, हे मला काय ठाऊक!

बकेट झाकून ठेवली. लेकीला सांगितलं, काकू आल्यावरच बघ.

जावेनं आल्या आल्या झाकण काढलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात लेक धावत आली. मी सांगणारच होते, पण जाऊच आधी बोलली, "माझंच चुकलं गं बाई. जाताना मीच ॲसिड टाकून गेल्ते. लई वाईट झालं."

लेकीचे डोळे भरले. पण तिनं काकूच्या गळ्यात हात टाकले. "असू दे काकू. आपण परत जाऊ. आपण दोघीच."

जावेनं मला वाचवलं होतं, हे कळत होतं. तरी दारात उभी राहून मी एवढंच घोकत होते, की चूक माझी होती, तर ती मिठीही माझीच होती.