वरून पाहिलेली शाळा

साइटवर तिला सगळे टॉवरबाई म्हणत. हे नाव मुकादमानं चेष्टेत ठेवलं होतं, ती पहिल्यांदा क्रेनची शिडी चढली त्या दिवशी. निम्म्यातून परत येते की केबिनपर्यंत पोचते, हे बघायला सगळे माना वर करून उभे होते. ती पोचली. काच मळकी दिसली म्हणून आधी ती पुसली आणि मग खुर्चीत बसली. चेष्टा तिथंच संपली, नाव मात्र राहिलं. पुढं पुढं तिला ते इतकं आवडायला लागलं की कुणी ‘काय करता?’ विचारलं की ती बोट आकाशाकडे करून ‘ती क्रेन चालवते’ म्हणायची, आणि समोरच्याची मान वर जाईपर्यंत बोट खाली घ्यायची नाही.

लेकीसाठी शाळा तिनं त्याच केबिनमधून निवडली.

शाळा साइटच्या पलीकडच्या रस्त्याला होती. हूक रिकामा झाला आणि खाली पुढचा माल बांधायचं काम चाललं, की तिची नजर शाळेच्या मैदानावर जायची. वरून माणसाला तोंड नसतं, नुसतं टाळकं दिसतं. पण वर्षभर बघून तिला ती टाळकी पाठ झाली होती. एक टक्कल रोज पोरांनी उघडे टाकलेले नळ बंद करत फिरायचं. भांगात पांढरा पट्टा असलेलं एक डोकं भांडणाऱ्या पोरांजवळ जाऊन नुसतंच उभं राहायचं. आणि एक मुलगा होता, एका पायानं अधू. तो रोज फुटबॉलच्या गोलात उभा राही. त्याच्याकडून बॉल सुटला की सगळी पोरं त्याच्यावर तुटून पडत, हात नाचवत भांडत. तोही सव्याज परत करी. दुसऱ्या दिवशी गोलात पुन्हा तोच.

“त्याच्याशी भांडतात, अहो!” तिनं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं होतं. “कीव नाही करत. आपल्या खारूला हीच शाळा पाहिजे.”

खारूचे शब्द अडत. पहिलंच अक्षर घट्ट धरून ती खारीसारखे गाल फुगवून बसायची, म्हणून बापानं लाडानं हे नाव ठेवलेलं. जुन्या शाळेत तिला कुणी छळलं नाही. उलट सगळे फार प्रेमळ होते. तिनं उत्तराला सुरुवात केली की बाई म्हणत, “बस बाळ, कळलं मला,” आणि पुढच्या मुलीकडे वळत. चौथी-पाचवीपासून खारूनं हात वर करणंच सोडलं होतं. आता माध्यमिकला नवी शाळा घ्यायची, तर या शाळेत मोजक्या जागा, आणि त्याही मुलाखत घेऊन. पोरीची मुलाखत! तिथं बोलावं लागणार, हीच बापाला धास्ती.

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. हलक्या हाताचा, हलक्या आवाजाचा माणूस. मुलाखतीच्या दिवशी सकाळी त्यानं बायकोला बजावलं, “तिथं जरा हळू बोल. तू बोलतेस ते खालच्या मजल्यावरच्यांना वाटतं आपल्यालाच सांगतेय.”

“वाटू दे. कामाचंच सांगत असते.”

खारूनं तळहात खाली करून हवेत हळूच दाबल्यासारखं केलं. साइटवर क्रेनला ‘सावकाश’ सांगायची ही खूण. घरात या खुणा आईनंच आणल्या होत्या आणि आता त्या तिच्यावरच उलटत होत्या. टॉवरबाईनं आवाज उतरवला. खुणेचं ती ऐकायचीच.

तिघं वेळेच्या बरंच आधी निघाले. रस्ता विचारायचा प्रश्नच नव्हता. वर्षभर डोळ्यांसमोर असलेली शाळा! ती पुढं, मागून दोघं. एक वळण, दुसरं वळण, आणि समोर एक उंच भिंत आली. मग ती भिंत संपेचना. वरून बघताना भिंतीला उंची नसते, नुसती एक रेघ असते. त्या रेघेत जे निळं दार तिला रोज दिसायचं ते सापडलं, पण त्याला आतून कुलूप होतं आणि दारावर कोळिष्टकं धरली होती.

“हेच ना?” नवऱ्यानं विचारलं.

“हेच. पण इथून… वेगळंच दिसतंय.”

“अगं, मग पुढचं दार कुठंय?”

तिला सांगता येईना. आतून घंटा ऐकू आली. मग तिनं मान वर केली. छपरांच्या वर तिची क्रेन दिसली. तिनं मोबाइल काढला आणि खालच्या सिग्नलवाल्या मामांना लावला. सगळी साइट त्यांना मामाच म्हणे. वर्षानुवर्षं ते खालून हातानं सांगत आणि ती वरून करत आलेली.

“मामा, वर आज बदलीला कोण आहे? त्याला म्हणावं शाळेच्या बाजूला बघ. मी दिसते का?”

थोड्या वेळानं मामांचं हसू फोनमध्ये मावेना. “बाई, तो म्हणतो, आपली टॉवरबाई कचराकुंडीजवळ उभी आहे!”

“हसू नका हो! दार कुठंय ते विचारा!”

“भिंत डाव्या हाताला ठेवा. चला. चला. अजून. आता वळा… अहो, दुसऱ्या बाजूला! बाई, थांबा!”

ती थांबली. समोर रुंद फाटक होतं आणि वर शाळेची पाटी.

आत गेले तर कारकून म्हणाला, “तुमचं नाव पुकारून झालं. आता सगळ्यांचं संपल्यावर मॅडम म्हणाल्या तर बघू. नाही म्हणाल्या तर नाही.”

तिघं बाकावर बसले. नवरा रागावला असता तर बरं, असं तिला झालं. आजूबाजूच्या मुली जात होत्या, हसत बाहेर येत होत्या. पोरीची जागा आपल्या तोऱ्यापायी गेली, हे तिच्या मनात सारखं टोचत राहिलं.

शेवटी दार उघडलं. टेबलामागच्या बाईंच्या भांगात पांढरा पट्टा होता. टॉवरबाईला एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

“उशीर का झाला?” बाईंनी विचारलं.

“ट्रॅफिक…” नवऱ्यानं सुरुवात केली.

“चुकले मी,” टॉवरबाई म्हणाली. “मागच्या भिंतीपाशीच दार शोधत राहिले. तुमची शाळा मी फक्त वरून पाहिलीय. त्या क्रेनवरून. ती मी चालवते.” बोट आपोआप खिडकीकडे गेलं. आवाजही चढला. टेबलाच्या कडेशी खारूचा तळहात हळूच खाली दाबला गेला, आणि आईचा आवाज तसाच खाली आला.

बाईंनी ते पाहिलं. “हे काय केलंस?” त्यांनी खारूला विचारलं.

“स… स… स…”

“सावकाश,” बाप घाईनं म्हणाला, “सावकाश म्हणायचंय तिला, मॅडम.”

खारूनं बापाकडे वळून हात आडवा धरला, पंजा ताठ. बाप गप्प झाला.

“आणि हे?” बाईंनी विचारलं.

टॉवरबाईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तिनं ओठ घट्ट मिटले. बाई टेबलावर हात ठेवून बसल्या होत्या. मान हलवत नव्हत्या, हसून धीरही देत नव्हत्या. भांडणाऱ्या पोरांजवळ उभ्या राहत तशाच नुसत्या थांबल्या होत्या.

“थ… थांब,” खारू म्हणाली. “उ… उचला, उतरवा, हे फक्त स… सिग्नलवाल्यानं सांगायचं. पण थ… थांब कुणीही सांगितलं तरी क्रेननं ऐ… ऐकायचं. लहान मुलानं सांगितलं तरी.”

“का?”

“का… कारण त्याला काहीतरी दिसलेलं असू शकतं. जे व… वरच्याला दिसत नाही.”

“मग आज तुझ्या आईला थांब म्हणायचं होतंस की, त्या भिंतीपाशी.”

“म्ह… म्हणणार होते,” खारू म्हणाली, “पण ती ख… खूप जोरात चालत होती.”

बाई मोठ्यानं हसल्या. टॉवरबाईनं लेकीकडे पाहिलं. इतकं लांब बोलणं तिनं घराबाहेर कधी केलं होतं, ते तिला आठवेना. छाती अशी भरून आली की खुर्चीत नीट बसवेना. जागा मिळो न मिळो, असं मनात म्हणून पाहिलं, पण ते खोटं होतं. जागा हवीच होती.

“निवड झालेल्यांची नावं फळ्यावर लागतील,” बाई म्हणाल्या. “शुक्रवारी.”

शुक्रवारी टॉवरबाई केबिनमध्ये होती. बापलेक नावं बघायला जाणार होते. ‘फोन करतो’ असं नवरा म्हणाला, तशी ती म्हणाली, “काम चालू असताना मी फोन घेत नाही. मैदानात या. मला दिसाल.”

ते आले तेव्हा नेमकी हुकाला सळयांची मोळी होती. कडेच्या नजरेला मैदानात दोन वेण्यांचं डोकं शिरल्याचं कळलं. तिनं वळून पाहिलं नाही. माल हवेत असताना नजर फक्त मामांवर ठेवायची. मामांचा हात म्हणाला, सावकाश. ती सावकाश आली. अजून थोडं. अजून. सळया टेकल्या, साखळ्या सैल पडल्या, माणसं सोडवायला पुढं झाली.

मग तिनं मान वळवली.

मैदानाच्या मधोमध खारू उभी होती. हात सरळ वर, बोट आकाशाकडे, आणि ते बोट हवेत गोल गोल फिरवत होती. उचला, उचला, उचला. शेजारी बाप उभा होता. तो हळू आवाजाचा माणूस दोन्ही हात वर करून बेंबीच्या देठापासून काहीतरी ओरडत होता. त्यातलं वर काहीच ऐकू येत नव्हतं.

टॉवरबाईनं हॉर्न दाबला. दाबून धरला.

“बाई!” वॉकीटॉकीवर मामा खेकसले. “हॉर्न कशाला? हूक मोकळा झालाय. पुढचा माल बांधू का?”

“थांबा मामा,” ती म्हणाली. “तिचा हात खाली येऊ दे.”