कानटोपीतला समुद्र

"गप्प बसा की, पावणं! आवाज भरतोय हितं." ओठांवर बोट ठेवून माझा दोस्त हे इतक्या मोठ्यानं सांगायचा, की समुद्रकाठच्या वाळूवरची पाखरं उडून जायची. तोवर भरलेला आवाज अर्थातच वाया.

कागलच्या एमआयडीसीत आम्हा दोघांची मशिनं शेजारी शेजारी. तिथल्या खडखडाटावर ओरडून त्याचा आवाज कायमचा चढला होता. तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा, ज्याचं कानातलं बोलणं पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं. असल्या माणसानं समुद्राची गाज रेकॉर्ड करायचं मनावर घ्यावं, याचं मला अजून हसू येतं.

कारण त्याची आई. ती वारणानगरला थोरल्या भावाकडे असायची. जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तरुणपणी घाटात गाडी लागायची, आता गुडघे साथ देईनात. "नुसता ऐकव तरी," ती एकदा म्हणाली आणि हा पेटलाच.

मग काय, सुट्टी आली की माझ्या गाडीतून घाट उतरायचा. वारा शिरू नये म्हणून रेकॉर्डरला कानटोपी. तो पाण्यावर लांब धरायला काठी हवी, म्हणून शेतातला ऊस. परतताना ती काठी आम्ही खाऊन टाकायचो. घरी येऊन ऐकावं तर प्रत्येक वेळी हाच. मोठी लाट दिसली की सगळं विसरून समोरच्या पोराबाळांना ओरडायचा, "पाय मागं घ्या, आली!"

शेवटी एकदा त्यानं तोंडाला टॉवेल बांधला. नुसत्या लाटा मिळाल्या, स्वच्छ. तसेच थेट वारणानगर गाठलं.

आई कॉटवर पाय सोडून बसली होती. बराच वेळ ऐकून म्हणाली, "गिरणी हाय व्हय रं ही?"

त्याचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं.

"भावा, ती वाया गेलेली क्लिप लाव," मी म्हणालो.

"त्यात मीच बोंबलतोय की."

"लाव तर खरं."

त्यानं लावली. वारा, गाज, आणि एकदम तो, "पाय मागं घ्या, आली!"

म्हातारीनं झटकन लुगडं सावरलं आणि दोन्ही पाय कॉटवर घेतले. खाली फरशीकडं बघत तिनं विचारलं, "गेली का रं?"

तो तिच्याजवळ टेकला. मी ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदाच हळू बोलला, "थांब आई. अजून एक येतीया."