श्वास न रोखणारे मास्तर

दवाखान्यात त्यांना सगळे काचबाई म्हणत. गाठीतून सुईनं ओढून घेतलेल्या पेशी काचपट्टीवर पसरायच्या, रंगवायच्या आणि गाठ साधी की कॅन्सरची ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्या दिवशी मात्र त्यांचं डोकं फिरलं. फुप्फुसात गाठ असलेल्या एका पेशंटच्या काचा दुसऱ्यांदा आल्या होत्या, आणि दुसऱ्यांदाही नुसतं रक्त!

त्यांनी स्कॅनच्या खोलीत फोन लावला. "डॉक्टर, गाठीतलं काहीतरी पाठवा. रक्त पुष्कळ बघून झालंय माझं!"

"मग तुम्हीच वर या," सुई घालणारे डॉक्टर तितकेच वैतागलेले. "हा माणूस श्वास रोखेल तर शपथ!"

जिन्याला आणि स्वतःच्या गुडघ्यांना दूषणं देत काचबाई वर गेल्या. मायक्रोस्कोप आणि रंगाच्या बाटल्या मागून आणवल्या.

पेशंट गाडी शिकवणारे मास्तर होते. टेबलावर पालथे पडूनही सूचना चालूच. "डॉक्टर, घाई नको. डावीकडे बघा. हां, आता हळूच..."

"घरीही हेच," दारातून त्यांची बायको म्हणाली. "झोपेतसुद्धा मला ब्रेक दाबायला सांगतात."

काचबाईंचा संयम सुटला. "मास्तर, गप्प बसा! तुमची गाठ द्राक्षाएवढी. तुम्ही श्वास घेतला, बोललात, की ती खाली-वर सरकते. नेम धरावा तिथे ती नसतेच. सुई लागणार कपाळ!"

 मास्तर दुखावल्या आवाजात म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलं का मला? नुसतं 'हलू नका, हलू नका'. मला वाटलं, मी घाबरतोय म्हणून दटावताहेत."

डॉक्टरांनी नवी सुई हातात घेतली.

या वेळी मास्तरांनी श्वास असा रोखला की बायकोच घाबरली. सुई गेली, आली. काचबाईंनी तिथंच काच रंगवून बघितली. पेशींचे भरगच्च पुंजके! "मिळालं!" त्या जवळजवळ ओरडल्याच. मग नीट बघितलं. केंद्रकं मोठी, वेडीवाकडी, एकमेकांवर चढलेली. कॅन्सरच होता. आपण कशाला खूश झालो, या विचारानं त्यांना स्वतःचाच राग आला.

"काय निघालं?" मास्तरांनी विचारलं.

"पुरेसं निघालं. आता पुन्हा टोचणार नाही. सगळ्या काचा बघून संध्याकाळी मी स्वतः येऊन सांगते."

आणि त्यांनी सांगितलं. आडपडदा न ठेवता.

गाठ लहान होती, पसरलेली नव्हती. फुप्फुसाचा तेवढा भाग काढला. काही महिन्यांनी मास्तर पुन्हा गाडीत बसले. जरा धापा टाकत, पण तोंड चालूच.

तेव्हापासून फुप्फुसात सुई घालायची असली की काचबाईंना वर बोलावणं येतं.

"पहिल्याच वेळी बोलवायला काय झालं होतं?" त्यांनी एकदा डॉक्टरांना खडसावलं.

"फोनवर तुम्ही बोलू द्याल तर ना, मॅडम!"