बिनभोकाचं बटण

टेलरकाकांच्या दंडावर एक पांढरी चकती चिकटवलेली असते. ते तिला बिनभोकाचं बटण म्हणतात. परगावी राहणाऱ्या लेकीने हट्टाने लावून घेतलेली. काकांच्या रक्तातली साखर चढली की तिकडे तिच्या मोबाइलची घंटा वाजायची, आणि लगेच इकडे काकांना फोन.

"बाबा, काय खाल्लंत? खरं सांगा."

"कुठे काय! दोन चमचे आईस्क्रीम."

"दोन चमच्यांनी एवढी चढते?"

मग यथासांग खरडपट्टी निघायची. पण त्या ओघात नातीचा पडलेला दात, जावयाची बदली, सगळं कळायचं. काकू गेल्यापासून घरात बोलणारं दुसरं होतं कोण? शिलाई मशीन. तेही पाय मारल्याशिवाय तोंड उघडत नाही.

पण माणूस पडला टेलर. लेकीच्या जिवाला घोर नको म्हणून त्यांनी आईस्क्रीमही मापात बसवलं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी वाट दाखवली होतीच. उपाशीपोटी खायचं नाही, भाजी-अंडं असं नीट जेवून मग खायचं. घ्यायची ती लहान वाटी, आणि त्या जेवणात भाताला कात्री. खाऊन लगेच आडवं न होता कोपऱ्यापर्यंत फेरी मारायची. साखरेचा आकडा जागचा हलेना. जीभ खूश, डॉक्टरही खूश.

फोन तेवढा यायचा थांबला.

आधी काका म्हणाले, पोरगी कामात असेल. मग म्हणाले, बरंच झालं, तिची काळजी मिटली. तरी फोन चालू आहे ना, हे ते सारखं बघायचे. घर खायला उठायचं. आपणच फोन करावा, तर सांगणार काय? बरा आहे हे सांगायला कुणी फोन करतं का, असा त्यांचा समज.

शेवटी एका रविवारी काका न जेवताच आईस्क्रीमच्या दुकानात गेले आणि त्यांनी सगळ्यांत मोठा पेला मागवला, वर चॉकलेटची धार. एवढा पिकल्या केसांचा माणूस, पण ओरडा मिळावा म्हणून पोरासारखी खोडी काढत होता. चव काही लागली नाही. घरी येऊन ते फोन मांडीवर घेऊन बसले. आकडा भराभर चढला, घशाला कोरड पडली. फोन मात्र गप्पच.

न राहवून त्यांनीच नंबर लावला.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही. तुझी ती घंटा नाही वाजली?"

"अहो, ती मी केव्हाच बंद केली. तुमचा आकडा इतका छान असतो! म्हटलं, आता बाबांकडे बघायलाच नको."

"हो ना," काका म्हणाले.

"काही काम होतं का?"

करमत नाही गं, एवढंच सांगायचं होतं. ओठांपर्यंत आलंही.

"नाही. सहज केला."

"शहाणे झालात हं बाबा तुम्ही," ती कौतुकाने म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.