ज्या पहाटे चाचांनी बांग दिली नाही

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. अनुभव कृपेचा आहे, पण तो सांगायचा तर आधी माझं वागणं सांगावं लागतं, आणि ते सांगण्यासारखं नाही. यवतमाळ जिल्ह्यात फुलसावंगीच्या अलीकडे आमचं लहानसं गाव आहे. तिथल्या विठ्ठल मंदिरात कार्तिकातला काकडा मी वीस-बावीस वर्षं म्हणत आलो. शाळेत मास्तर होतो, गळा बरा होता, अभंगांचा क्रम वडिलांकडून पाठ झाला होता. पहाटे देवाला जागवण्याचं काम आपल्या वाट्याला आलं याचा मला फार अभिमान होता. त्यात भक्ती किती आणि मी किती, असं तेव्हा कोणी विचारलं असतं तर मला राग आला असता.

मंदिरामागे एक बोळ आहे आणि बोळापलीकडे मशीद. तिथे बांग द्यायचे युसुफचाचा. कापूस पिंजून गाद्या भरण्याचा त्यांचा धंदा. सत्तरी ओलांडली होती, तरी खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरायचे. दाढी पांढरी की तिला कापूस लागलेला, हे लांबून कळायचं नाही. कार्तिकात काकडा आणि पहाटेची बांग यांची वेळ जवळपास एकच येते. वडिलांच्या काळापासून रीत अशी, की बांग सुरू झाली की आम्ही दोन मिनिटं थांबायचो आणि मग पुढचा अभंग घ्यायचो. त्यात कोणाला काही विशेष वाटत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी मंदिरावरचा भोंगा उतरवावा लागला. मशिदीवरचाही त्याच आठवड्यात उतरला, पण आम्हाला फक्त आपलाच दिसला. कोणीतरी तक्रार केली होती, आणि ती चाचांनी केली असं पारावर बसून चार माणसांनी ठरवलं. मी चाचांना विचारलं नाही. विचारायला एक बोळ ओलांडायचा होता, तेवढंही केलं नाही. त्या कार्तिकात बांग सुरू झाली तेव्हा मी थांबलो नाही, उलट टाळ जोरात धरला. दुसऱ्या दिवसापासून चाचाच थांबू लागले. माझा अभंग संपायची वाट पाहायचे आणि मधल्या उसंतीत बांग सुरू करायचे. हे माझ्या लक्षात आलं तशी मी ती उसंतही काढून टाकली. एक अभंग संपतो न संपतो तोच दुसरा उचलायचो. दम लागायचा, छातीत भरून यायचं, पण पलीकडे म्हातारा माणूस ताटकळत उभा आहे या विचाराने मला बळ यायचं. देवासमोर उभं राहून मी हे करत होतो. दोन कार्तिक असे गेले.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. कापसाची वेचणी जोरात होती. दिवसभर वाकून थकलेली माणसं पहाटे लवकर येत नसत. अर्धा काकडा झाला की एकेक जण यायचा. त्या दिवशी मी एकटाच होतो. भूपाळ्या झाल्या, दोन अभंग झाले, तिसऱ्याच्या मधल्या चरणाला डाव्या खांद्यातून अशी कळ आली, की तोंडातला शब्द तोंडातच राहिला. टाळ हातातून सुटून फरशीवर पडले. मी खांबाला धरत खाली बसलो. अंगाला घाम सुटला. विठ्ठलाच्या पायाशी समई दिसत होती, आणि मला कोणालाही हाक मारता येत नव्हती. अशा वेळी देवाचं नाव ओठांवर येतं म्हणतात. माझ्या ओठांवर काहीच आलं नाही. मनात एवढंच आलं, की आता पलीकडे बांग सुरू होईल.

पण बांग झाली नाही. दोन वर्षं ज्या उसंतीची वाट चाचा पाहत होते, ती त्या पहाटे त्यांना मिळाली होती. बांगेला उभ्या राहिलेल्या त्या माणसाच्या कानाला कळलं, की ही उसंत अभंग संपल्याची नाही, ओळ अर्ध्यात तुटली आहे. रोज उभं राहून ऐकता ऐकता माझा सगळा क्रम त्यांना माहीत झाला होता. ते बोळ ओलांडून आले. मी डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा माझ्यावर वाकलेला होता.

"गुरुजी, डोळे मिटू नका. काही होत नाही तुमाले. मी हाओ ना," असं म्हणत त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि दाराकडे तोंड करून ओरडले, "प्रकाश! अबे प्रकाश, गाडी काढ!"

प्रकाश बौद्धवाड्यातला. पहाटेच्या फेरीसाठी तो जीप घेऊन मंदिरासमोरच्या रस्त्यावरच उभा असायचा. दोघांनी मला उचलून मागच्या सीटवर निजवलं. मंदिरात घाईने शिरतानाही चाचांनी चपला पायरीखाली काढल्या होत्या, आणि त्या तिथेच राहिल्या. उमरखेडच्या दवाखान्यात ते अनवाणी होते, असं प्रकाशने मला नंतर सांगितलं.

त्या प्रवासातलं मला तुटक तुटक आठवतं. खड्डे आठवतात, गार वारा आठवतो. चाचा माझा हात चोळत तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. आधी त्यांच्या दुआ होत्या, त्यातलं मला काही कळत नव्हतं. मग मला ग्लानी येऊ लागली तशी त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं आणि माझीच भूपाळी म्हणायला लागले. चाल जरा वाकडी होती, एकदोन शब्द चुकत होते. पण देवाला ऊठ म्हणणारे ते शब्द ते मला म्हणत होते, आणि मी त्या शब्दांना धरून जागा राहिलो. पुढे एकदा प्रकाश म्हणाला, "काका, मागं चाचा तुमचं म्हणून राह्यले होते, अन् पुढं मी आमचं त्रिसरण, बुद्धं सरणं. मले दुसरं काही सुचेच ना." त्या गाडीत तिघांपैकी गप्प फक्त मी होतो.

उमरखेडहून मला नांदेडला नेलं. वेळेत आणलं म्हणून वाचलात, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. नंतर दोन महिने मी पुसदला मुलीकडे राहिलो. चाचांनी प्रकाशच्या फोनवरून एकदा चौकशी केली. मी "बरं आहे" म्हणालो आणि फोन मुलीकडे दिला. वाटलं, असं फोनवर काय बोलायचं, गावी गेल्यावर समोर बसून बोलू.

माघात गावी आलो. पहिल्याच पहाटे त्यांची बांग ऐकली. आवाज बारीक झाला होता. त्यांच्या घरी जायचं मनात होतं, पण जाऊन म्हणायचं काय? 'तुम्ही माझा जीव वाचवलात' हे सोपं होतं. त्याच्याआधीचं वाक्य जड होतं, आणि ते वगळून दुसरं म्हणणं मला खोटं वाटत होतं. आज पाहुणे आहेत, उद्या गुरुवारचा उपास आहे, परवा अशक्तपणा आहे, असं करत करत पंधरा दिवस घालवले. मग एका पहाटे बांगेचा आवाज वेगळा आला. चाचांना सर्दी झाली असेल असं मी म्हटलं, आणि खरं सांगतो, आणखी दोन दिवस मिळाले म्हणून मला बरंच वाटलं. बांग दुसऱ्याच कोणी दिली होती, चाचांना रातोरात यवतमाळच्या दवाखान्यात नेलं होतं. चौथ्या दिवशी ते परत आले ते पांढऱ्या कापडात.

कब्रस्तानाच्या भिंतीशी मी बाजूला उभा होतो. कोणीतरी "या गुरुजी, तुमीबी मिट्टी द्या" म्हणालं. मी तीन मुठी माती दिली. 

आठवड्याने चाचींकडे गेलो. ओसरीवर पिंजण भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. मी त्यांच्यासमोर सगळं सांगून टाकलं, मुद्दाम थांबत नव्हतो तेही. चाची ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मालूम था त्यायले. आमची लोकं त्यायलेच बोलत, बांगेले उशीर काहून होते म्हणून. हे सांगत, गला बैठा था."

"आणि ती तक्रार? ती त्यांनी केली होती का?"

"पोलिसात?" त्या पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहून बोलल्या, "गुरुजी, हे तर ठाण्यासमोरून जायले बी भीत. तुमी तवाच विचारलं असतं तर!" पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "तुमी गावात आले तं रोज म्हणत, गुरुजी येतीन. थकलेले असतीन, येतीन. चहाची साखर मी आणूनच ठेवली होती."

मी चहा घेतला. 

पुढच्या कार्तिकात काकडा सुरू करण्याआधी, जमलेल्या माणसांसमोर मी हे सगळं कबूल केलं. काही जण खाली पाहत राहिले, एक जण उठून गेला. मला हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. ज्याला सांगायचं होतं तो ऐकायला नव्हता.

त्या पहाटे जे घडलं त्याला चमत्कार म्हणावं की नाही, हे मी ठरवत नाही. मी एवढंच जाणतो, की माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं नाही तेव्हाही मी त्याच्या हातून सुटलो नव्हतो, आणि त्याने मला ज्याच्या मांडीवर ठेवलं तो मी निवडलेला माणूस नव्हता. जीव मिळाला, क्षमा मागायचे पंधरा दिवसही मिळाले होते, ते मी हातचे घालवले. आता देवाकडे आयुष्य मागत नाही, किती द्यायचं ते त्याने ठरवावं. मनात कोणाबद्दल शंका आली किंवा कोणाची क्षमा मागायची असली, की तेवढं त्याच दिवशी जाऊन बोलून येतो. पाय जड होतात, दारापाशी शब्द अडतात, पण जातो.