विनीच्या पलंगावरची वीस मिनिटं

त्या मंगळवारी सकाळी बेव्ह हॉल्डनला मोजे घालायला खाली वाकता येईना. उजव्या कुशीत, बरगडीखाली, कुणी आतून पीळ द्यावा तसं दुखत होतं आणि अंग तापानं फणफणलं होतं. तिनं चहाबरोबर दोन गोळ्या गिळल्या, अनवाणी पाय तसेच बुटात कोंबले आणि इंग्लंडमधल्या त्या बर्नली गावातल्या चढावरच्या वृद्धाश्रमाची बस धरली.

घरी राहणं तिला परवडणारं नव्हतं. आजारपणाचे पहिले तीन दिवस बिनपगारी, आणि पुढं जे हातावर टेकवत त्यात भाडं सोडाच, विजेच्या मीटरात आगाऊ भरायचे पैसेही निघाले नसते. जानेवारीत पोट बिघडून चार दिवस घरी बसली होती, त्याची ओढाताण अजून निस्तरत होती. शिवाय वर्षातलं तिसरं आजारपण झालं की लेखी समज मिळे. बेव्हची दोन झाली होती. वय चोपन्न, नवरा कधीचाच निघून गेलेला, आणि एकोणीस वर्षं हेच काम: म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं.

दारातच व्यवस्थापक हेदर भेटली. "काय अवतार हा! काल जास्त झाली वाटतं?"

"हो ना. राजवाड्यात जेवण होतं."

"मग उतरव लवकर. वरच्या मजल्याला आज तू एकटीच आहेस. दोघींनी कळवलंय, येत नाही म्हणून." हेदर हसली नाही. तिचेही डोळे रात्रभर जागल्यासारखे दिसत होते.

वरच्या मजल्यावर बाराजण होते. त्यांतली विनी एन्टविसल बेव्हची खास. शहाऐंशी वर्षांची विनी पंधराव्या वर्षी कापडगिरणीत मागावर उभी राहिली होती. मागांच्या खडखडाटात हाक पोचत नसे, म्हणून तिथल्या बायका ओठ ताणून, आवाज न करता बोलत. त्या खडखडाटानं विनीचे कान नेले. पुढं डोक्यातलंही बरंच गेलं, मुलाचं नावसुद्धा. पण ओठ वाचणं शाबूत होतं. कामावरच्या बाकीच्या मुली तिच्या कानाशी ओरडत, बेव्ह मात्र तिची ती मुकी बोली शिकली होती. जेवणघरात दोन टोकांना बसून दोघींच्या कुचाळक्या चालत. "ती हेदर बघ," विनीचे ओठ म्हणत, "अंड्यावरनं उठलेल्या कोंबडीगत चालते."

दुपारी दोनच्या सुमारास बेव्ह विनीच्या पलंगाची चादर बदलत होती. कुशीत अशी कळ आली की ती कठडा धरून तशीच उभी राहिली.

खुर्चीतून विनी बघत होती. "काय होतंय ग?"

"काही नाही. पाठ धरलीय."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. मला डोळ्यांनी ऐकू येतं." विनी उठली, डुलत आली आणि तिनं आपला सुरकुतला तळवा बेव्हच्या कपाळावर ठेवला. "अग, पोळतेयस की! पड इथं. मुकादम जेवायला गेलाय. तुझे माग मी बघते."

बेव्हला हसू आलं. "किती माग आहेत माझे?"

"सहा. चौथ्याचा धागा सारखा तुटतोय. आमच्या खात्यात आजारी पोरीला कुणी उभं ठेवत नाही. पड म्हणते ना!"

कित्येक वर्षांत बेव्हच्या कपाळाला कुणाचा हात लागला नव्हता. ती आधी नुसती टेकली. मग पाच मिनिटांपुरतं म्हणून उशीवर डोकं ठेवलं.

जाग आली तेव्हा वीस मिनिटं होऊन गेली होती. खुर्ची रिकामी. खुंटीवरचा कोट नव्हता, टोपी नव्हती. खाली चादरी न्यायला आलेल्या माणसानं, कुणाला तरी भेटायला आलेल्या बाई असतील म्हणून, विनीला अदबीनं दार उघडून दिलं होतं. बाहेर गारांचा पाऊस पडत होता. गिरणीच्या जागी आता टायरचं दुकान आहे. त्याच्या पायऱ्यांशी ती सापडली, पायात सपाता, खुबा मोडलेला.

बेव्हला त्याच संध्याकाळी चौकशी संपेपर्यंत घरी बसवलं. दोन दिवसांनी ती स्वयंपाकघरात कोसळली आणि शेजारणीनं तिला रुग्णालयात नेलं. मूत्रपिंडाला सूज आली होती. विनी त्याच इमारतीत दोन मजले वर होती. बेव्हनं परिचारिकेकडं निरोप दिला, भेटू द्या म्हणून. उत्तर आलं की चौकशी चालू आहे, भेटता येणार नाही. तिथल्या कुणाला ओठांची बोली येत नव्हती. अकराव्या दिवशी विनी गेली. फरशी पुसणाऱ्या बाईच्या बोलण्यातून बेव्हला ते कळलं.

चौकशीला मुख्य कचेरीतला एक गृहस्थ आला होता. "एवढ्या आजारी होतात, तर कामावर आलात कशाला?"

बेव्हनं हेदरकडं पाहिलं. हेदर समोरच्या कागदावर काहीतरी लिहीत राहिली.

"तीच म्हणाली, पड म्हणून," बेव्ह म्हणाली.

"म्हणजे दोष त्या भ्रम झालेल्या बाईंचा?"

विनीनं पड म्हटल्याचं बेव्हनं पुढं पुन्हा कुणाला सांगितलं नाही. नोकरी गेली. अशा कामाला बंदी घालायची की नाही ते ठरवणाऱ्या सरकारी कचेरीला तिचं नाव कळवलं गेलं आणि निकाल लागेपर्यंत म्हाताऱ्या माणसांचं काम तिला कुणी देईना. दुसरं कुठलं काम तिला येत नव्हतं.

जूनमध्ये बाजारात बटाटे निवडताना विनीचा मुलगा कीथ समोर आला. दोघंही थबकली.

"माझा राग नाही तुझ्यावर," तो म्हणाला. "पण बेव्ह, मला दिसू नकोस. झोप लागत नाही मग."

तिनं मान डोलावली, निवडलेले बटाटे परत ठेवले आणि निघाली. तेव्हापासून ती बसनं दोन थांबे पुढच्या दुकानात जाते. निकालाचं पत्र अजून आलेलं नाही.