जुन्या आणि नव्या गावात अडकलेली व्हॅन

स्क्रीनवरचं गोल चक्र फिरतच होतं. लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या डायरेक्टर सरांच्या केबिनमध्ये आमचा डेमो चालला होता. आसपासच्या गावांतली मुलं क्लासच्या व्हॅनने येतात. सगळीकडून थेट व्हॅन नसते, मध्ये बदलावी लागते. कमीत कमी वेळा बदलून लातूरला कसं पोचायचं, ते आमच्या ॲपने सांगायचं. डायरेक्टर सरांनी औशाकडच्या स्वतःच्या गावाचं नाव टाकलं आणि ॲप अडकलं.

"मॅडम, आमची व्हॅन कुठं फिरायली?"

"नेटवर्क स्लो आहे," माझे बॉस जोशी सर म्हणाले. नेटवर्क उत्तम होतं.

"ऱ्हाऊ द्या. उद्या पुण्याची कंपनी यायली, त्यांचं बी बघतो."

नांदेडच्या आमच्या छोट्या ऑफिसकडे तेव्हा एवढं एकच काम होतं. मी मीटिंगमध्ये सहसा बोलत नाही. तरी म्हटलं, "सर, चहा होईपर्यंत थांबा."

मी लॉग उघडला. प्रोग्रॅम काय काय करतो याची ती नोंद असते. नोंद अशी होती: जुनं गाव, नवं गाव, जुनं गाव, नवं गाव. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर त्यांचं गाव नव्या जागी हलवलं, पण काही घरं जुन्या जागीच राहिली. व्हॅन दोन्हीकडे थांबते. आधीच्या सीनियरने कोड असा लिहिला होता, की एक वाट धरायची आणि पुढेच जात राहायचं. कुठे जाऊन आलो, याची खूण नाही. सीनियर आता हैदराबादला होता.

मी ब्रेड्थ-फर्स्ट सर्च लिहायला घेतला.

"ते काय असतंय?" डायरेक्टर सर माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"आधी एका व्हॅनने पोचता येणारी सगळी गावं बघायची. ती संपल्यावरच दोन व्हॅनची. गावं रांगेत लावायची, आधी आलं ते आधी. बघितलेल्या गावावर खूण. तिथे परत जायचं नाही."

ते स्क्रीनकडे वाकून म्हणाले, "भूकंपाच्या सकाळी आम्ही असंच केलतं. आधी शेजारची घरं, मग त्याच्या पल्याडची. बघितलेल्या घरावर खडूनं फुली. एकबी घर सुटलं न्हाई."

मी शेवटची ओळ टाइप केली आणि एंटर दाबलं. नवं गाव, औसा, लातूर. एकदाच बदल.

"चाकूर टाका."

थेट व्हॅन.

"आता बिलोली."

सगळी गावं बघून ॲपने सांगितलं: व्हॅन नाही.

"न्हाईच आमची तिकडं. मुद्दाम टाकलं," ते पहिल्यांदाच हसले. मग जोशी सरांना म्हणाले, "पुण्याच्या लोकांना येऊ नका म्हणून सांगतो. पण पुढच्या टायमाला बोलायला या मॅडमलाच पाठवा."

परतताना जोशी सरांनी विचारलं, "नेटवर्क सुधारलं म्हणायचं?"

"हो सर," मी म्हटलं.

तेव्हापासून डेमोच्या आदल्या दिवशी मी क्लायंटचं गाव कोणतं, ते विचारून घेते. ते तेच नाव पहिलं टाकतात.